मत्स्यतेल : पूरक आहार म्हणून वापर आणि सुरक्षितता

माशांच्या चरबीपासून काढलेले आणि मुख्यतः ओमेगा-३ मेदाम्लांसाठी (चरबीच्या एका प्रकारच्या घटकांसाठी) घेतले जाणारे तेल. बाजारात ते बहुधा मऊ, सोनेरी कॅप्सूलच्या रूपात मिळते. त्यातली कामाची मेदाम्ले दोन : आयकोसापेंटाइनॉइक आम्ल आणि डोकोसाहेक्झाइनॉइक आम्ल. नावे उच्चारायला अवघड असल्याने सगळीकडे ईपीए आणि डीएचए अशीच रुळली आहेत. डीएचए मेंदूच्या व डोळ्याच्या पडद्याच्या पेशींत भरपूर असते. ईपीएपासून शरीर दाह व रक्त गोठणे यांच्याशी संबंधित रेणू बनवते.

मासे ही मेदाम्ले स्वतः फारशी बनवत नाहीत. समुद्रातली सूक्ष्म शैवाले ती बनवतात. शैवाले खाणारे बारीक जीव आणि त्यांना खाणारे मासे अशा साखळीतून ती माशांच्या अंगात साठतात. त्यामुळे शैवालापासून थेट काढलेले तेल मासे न खाणाऱ्यांनाही चालते. जवस, अक्रोड, चिया यांतले ओमेगा-३ मात्र वेगळे, अल्फा-लिनोलेनिक आम्ल. शरीर त्याचा थोडाच भाग ईपीएत आणि त्याहून कमी भाग डीएचएत बदलू शकते.

तेलासाठी प्रामुख्याने अँकोव्ही, सार्डिन, बांगडा असे लहान, तेलकट मासे वापरतात. मासे शिजवून दाबतात, निघालेल्या रसातून तेल वेगळे करतात आणि उरलेल्या चोथ्याची मासळीची भुकटी (फिशमील) होते. कॉड लिव्हर ऑइल हा निराळा प्रकार. ते कॉड माशाच्या यकृतातून काढतात आणि त्यात अ व ड ही जीवनसत्त्वेही असतात. मुडदूस झालेल्या मुलांना ते पाजण्याची जुनी पद्धत लागू पडे ती ड जीवनसत्त्वामुळे. ओमेगा-३चा त्याच्याशी संबंध नव्हता. दोन्ही तेले एकच समजण्याची चूक आजही सर्रास होते आणि ती निरुपद्रवी नाही, हे पुढे येईलच.

मात्रेचे गणित : डबीवर पुढे ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम लिहिलेले असते. हे वजन एकूण तेलाचे. डबी फिरवून मागचा बारीक मजकूर वाचला, तर साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे दोन्ही मिळून ३०० मिलिग्रॅम, असे दिसते. बाकीचे ७०० मिलिग्रॅम इतर स्निग्धांश. ज्या चाचण्यांत औषधी परिणाम ठळक दिसला, त्यांतल्या काहींत ईपीए-डीएचएची रोजची मात्रा ४ ग्रॅमपर्यंत होती. तेवढी मात्रा या कॅप्सूलमधून घ्यायची, तर दिवसाला तेरा-चौदा गोळ्या गिळाव्या लागतील. मत्स्यतेलाबद्दलचे बरेचसे गैरसमज एकूण तेल आणि ईपीए-डीएचए या दोन आकड्यांच्या गफलतीतून येतात.

हृदयविकार : या तेलाची कीर्ती ग्रीनलंडमधून आली. १९७०च्या दशकात हान्स ओलाफ बँग आणि यर्न डायर्बर्ग या डॅनिश संशोधकांनी तिथल्या इन्युइट लोकांच्या रक्तातील मेद तपासले आणि सील व मासे खाण्याचा संबंध हृदयविकाराच्या कमी प्रमाणाशी जोडला. पण त्या लोकांत हृदयविकार किती आहे, हे त्यांनी स्वतः मोजले नव्हते; आधीच्या सरकारी नोंदींवर भिस्त ठेवली होती. २०१४ मध्ये कॅनडातील संशोधकांनी या पायावरच बोट ठेवले. तोवर कॅप्सूलचा धंदा चांगलाच फोफावला होता.

चाचण्यांचे निकाल एका दिशेचे नाहीत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील जिस्सी चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ११,३२४ रुग्णांचा समावेश होता आणि रोज सुमारे १ ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. त्यानंतर कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधे सर्रास वापरात आली आणि तो फायदा पुन्हा दिसेनासा झाला. २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. २५,८७१ जणांच्या व्हायटल चाचणीत रोज १ ग्रॅम तेलाने हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना लक्षणीय घटल्या नाहीत. १५,४८० मधुमेहींच्या असेंड चाचणीतही तेच. निरोगी माणसाने हृदय जपण्यासाठी रोज एक कॅप्सूल घेण्याला आज भक्कम आधार नाही.

गंमत अशी की त्याच वर्षी रिड्यूस-इट चाचणीने उलट बातमी दिली. स्टॅटिन चालू असूनही ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) चढे असलेल्या ८,१७९ रुग्णांत रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीएने मोठ्या हृदयघटना सापेक्ष प्रमाणात २५ टक्के कमी झाल्या. २०२० मधल्या स्ट्रेंग्थ चाचणीत १३,०७८ रुग्णांना तेवढ्याच मात्रेत ईपीए-डीएचएचे मिश्रण दिले, तर काहीच फायदा दिसला नाही. पहिल्या चाचणीत तुलनेच्या गटाला खनिज तेल आणि दुसऱ्या चाचणीत मक्याचे तेल दिले होते. खनिज तेलानेच तुलनेचा गट बिघडवला की शुद्ध ईपीएचा गुण वेगळा, हा वाद अजून मिटलेला नाही.

ट्रायग्लिसराइड : इथे मात्र वाद नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज ४ ग्रॅम ईपीए-डीएचए घेतल्यास चढलेले ट्रायग्लिसराइड साधारण २० ते ३० टक्के उतरते. फारच चढलेले असेल तर त्याहूनही अधिक. ५०० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वरच्या पातळीसाठी शुद्ध केलेली ओमेगा-३ औषधे चिठ्ठीवर दिली जातात. डीएचए असलेल्या तेलाने काहींचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल वाढू शकते, म्हणून मधूनमधून रक्ततपासणी करतात.

इतर उपयोग : गरोदरपणातला पुरावा बरा आहे. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८च्या आढाव्यात ओमेगा-३ घेणाऱ्या स्त्रियांत ३७ आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतीचे प्रमाण १३.४ टक्क्यांवरून ११.९ टक्के आढळले. संधिवाताभ आमवातात (ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस) मोठ्या मात्रेने सांध्यांचे दुखणे थोडे कमी होते आणि काहींच्या वेदनाशामक गोळ्या घटतात. कोरड्या डोळ्यांसाठी ते ऑलिव्ह तेलापेक्षा सरस ठरले नाही. स्मरणशक्ती वाढवण्याचे दावे जाहिरातींत जितके ठाम, तितके चाचण्यांत नाहीत.

सुरक्षितता : नेहमीच्या तक्रारी किरकोळ : मासळीच्या वासाचे ढेकर, मळमळ, पातळ शौच. जेवणासोबत घेतल्याने त्या कमी होतात. इथिल एस्टर प्रकारचे (प्रक्रियेत रासायनिक रूप बदललेले) तेल तर स्निग्ध जेवणाशिवाय नीट शोषलेच जात नाही. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१२च्या मतानुसार प्रौढांनी पूरक आहारातून रोज ५ ग्रॅमपर्यंत ईपीए-डीएचए घेणे चिंतेचे नाही.

हे मत आल्यानंतर एक गोष्ट पुढे आली : हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. रिड्यूस-इटमध्ये त्यासाठी रुग्णालयात जावे लागलेले ३.१ टक्के होते, तर तुलनेच्या गटात २.१ टक्के. स्ट्रेंग्थमध्येही या विकाराचे प्रमाण वाढले. मात्रा वाढते तसा धोकाही वाढताना दिसतो. ज्यांना हा विकार आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी हृदयासाठी म्हणून मनाने मोठी मात्रा सुरू करणे म्हणजे रोगाहून इलाज जालीम.

रक्तस्रावाची भीती त्या मानाने जास्त रंगवली जाते. तरी वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांनी डॉक्टरांना सांगावे. माशांची ॲलर्जी असणाऱ्यांनीही आधी विचारून घ्यावे. कॉड लिव्हर ऑइलच्या एका चहाच्या चमच्यात १,००० मायक्रोग्रॅमहून अधिक अ जीवनसत्त्व असू शकते. गरोदरपणी ते जास्त झाल्यास गर्भाला अपाय होतो, म्हणून ‘नुसते माशाचे तेलच तर आहे’ म्हणून ते घेऊ नये.

पाऱ्याची धास्ती तेलाच्या बाबतीत बरीचशी अनाठायी आहे. पारा माशाच्या प्रथिनांना चिकटतो आणि तेलात फारसा उतरत नाही. डायॉक्सिन आणि पीसीबी ही चरबीत विरघळणारी प्रदूषके मात्र उतरतात. शुद्धीकरणात ऊर्ध्वपातनाने ती काढतात.

खवटपणा : ईपीए-डीएचएची रेणुरचनाच अशी की हवा, उजेड आणि उष्णता लागली की ती लवकर बिघडतात. तेलाची पेरॉक्साइड संख्या (तेल किती बिघडले याचे माप) ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति किलोग्रॅमच्या आत असावी, असा उद्योगाने स्वतःवर घालून घेतलेला दंडक आहे. घरी त्याची सोपी खूण म्हणजे एखादी कॅप्सूल टाचणीने टोचून हुंगणे. ताज्या तेलाला समुद्राचा हलका वास येतो. जुन्या रंगासारखा, घशाला लागणारा उग्र दर्प आला तर तेल खवट झाले. लिंबाचा किंवा संत्र्याचा स्वाद घातलेल्या कॅप्सूलमध्ये ही खूण लपते. डबी घट्ट झाकून, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवतात. द्रवरूप तेलाची बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये.