भाजलेली लादी आणि भिजवलेली लादी

गणपतीसाठी गावी उतरलेले चाकरमानी ओटीवरचे फुगलेले प्लॅस्टिकचे कार्पेट गुंडाळतात आणि खालून तांबड्या-काळ्या नक्षीची लादी निघते, तेव्हा घरातले कुणीतरी ‘ही तर विलायती’ असे म्हणतेच. कोकणातल्या घरांत ती बहुधा विलायती नसते आणि भाजलेलीही नसते, ती सिमेंटची असते. घासायला बसण्यापूर्वी हा उलगडा करून घेणे भाग आहे, कारण एका लादीला मानवणारा उपाय दुसरीची कायमची नासाडी करतो.

भाजलेली लादी मातीची असते. इंग्लंडमध्ये मिंटनसारख्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकात एका रंगाच्या मातीत नक्षीचा खळगा उठवून त्यात दुसऱ्या रंगाची पातळ माती भरीत आणि लादी भट्टीत घालीत. मुंबईच्या कुलाब्यातील अफगाण चर्चमध्ये विलायतेहून आणलेल्या अशा लाद्यांची जमीन आजही पाहता येते.

सिमेंटची लादी भट्टीचे तोंडही पाहत नाही. लोखंडी साच्यात पत्र्याच्या पट्ट्यांची जाळी ठेवून तिच्या कप्प्यांत रंगीत सिमेंट आणि संगमरवराची पूड यांचे पातळ मिश्रण ओततात, जाळी अलगद उचलतात, वर सिमेंट-वाळूचा थर भरतात आणि दाब देऊन लादी पाण्यात मुरत ठेवतात. मुंबईत सिधवा कुटुंबाने १९२२ साली स्वदेशीच्या प्रेरणेने ‘भारत टाइल्स’ सुरू केली, ती याच जातीच्या लाद्यांची.

नक्षी पाहून निवाडा करू नये, कारण नक्षीची नक्कल दोन्हीकडे झाली आहे. उंबऱ्यालगतची एखादी फुटकी लादी उचलून तिची कड पाहावी. वर दोन-तीन मिलिमीटर रंग आणि खाली करडे, वाळूसारखे खरबरीत अंग दिसले, तर ती सिमेंटची. आतपर्यंत कौलासारखी भाजकी माती दिसली, तर ती भाजलेली. फुटकी लादी नसेल, तर दाराआडच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा. सिमेंटवर तो बारीक फसफसतो, भाजलेल्या लादीवर स्वस्थ बसतो. थेंब लगेच पुसून जागा पाण्याने धुवावी, आणि तो सांध्यावर पडणार नाही हे पाहावे, कारण सांध्यातले सिमेंट फसफसून फसवते. आमच्या माजघरात कोकमाचे आगळ सांडून पडलेला वाटोळा फिका डाग आहे. तो डाग कसला, ती आंबटाने खाल्लेली सिमेंटची कातडी आहे, आणि म्हणूनच कितीही पुसली तरी जात नाही.

न्हाणीघरात वापरतात ते अ‍ॅसिड सिमेंटच्या लादीवर कधीही ओतू नये. आमच्या ओटीवर एका कारागिराने ते ओतले आणि दहा मिनिटांत तांबडा रंग विटकरीच्या भुकटीसारखा दिसू लागला. भाजलेल्या लादीवरचे सिमेंटचे जुने शिंतोडे सौम्य अ‍ॅसिडने निघतात, पण तिथेही सांधे आधी पाण्याने भिजवून घ्यावे लागतात. पॉलिशच्या मशीनचा हिशेब याच्या नेमका उलटा आहे. सिमेंटच्या लादीला बारीक दगडाचा हलका हात सोसतो, फक्त रंगाचा थर किती उरला आहे याचे भान हवे. भाजलेल्या लादीची मात्र भट्टीत घट्ट झालेली वरची साय एकदा घासून गेली, की ती कायमची मळ धरणारी होते. कार्पेटखालचा डिंक दोन्हींवर कोमट पाण्याचे फडके ठेवून मऊ करावा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा. घाईने पत्रा किंवा ब्लेड चालवल्यास ओरखडे राहतात.

खरी अडचण लोणा लागण्याची आहे, म्हणजे जमिनीतून क्षार येऊन फुलण्याची. कार्पेटखाली वर्षानुवर्षे कोंडलेला ओलावा मोकळा झाला, की आठवडाभरात लादीवर पांढरी भुकटी येते, आणि माणसे घाबरून तिच्यावर पाणी ओततात. पाण्याने तो क्षार पुन्हा आत मुरतो. म्हणून भुकटी कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरावी आणि घराबाहेर टाकावी. भाद्रपदात जमीन ओलीच असते, तेव्हा आरतीच्या आधी चकाकी हवी म्हणून वार्निश मारणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार होय, कारण खालचा क्षार तो पापुद्रा उचलून टाकतो. सणात लादी उघडी ठेवावी, दिवाळीनंतर खिडक्या उघडून वारा खेळू द्यावा, आणि शिमग्याला पुन्हा गावी आल्यावर भुकटी येणे थांबलेले दिसले, तरच वाफ अडवणार नाही असा आत मुरणारा सीलर, म्हणजे डागांपासून जपणारा लेप, लावावा.