बोट गेल्यानंतरचे पाऊल

मधुमेहामुळे पायाचे बोट काढावे लागले की घरातल्या सर्वांचे लक्ष जखम भरण्याकडे लागते आणि टाके निघाले की प्रकरण संपले असे वाटते. पावलापुढचा नवा प्रश्न मात्र माणूस पुन्हा चालू लागल्यावर उभा राहतो.

चालताना टाच उचलली गेली की शरीराचा भार चवड्यावर आणि शेवटी अंगठ्यावर येतो. त्या वेळी अंगठा वरच्या बाजूला वाकतो, तळव्यातून टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तंतूंचा जाड पट्टा ताणला जातो, पावलाची कमान उंचावते आणि जमीन मागे रेटण्याइतके पाऊल ताठ होते. अंगठाच नसेल तर ही क्रिया अपुरी राहते, चाल मंदावते आणि त्याने पेललेला भार चवड्यातील हाडांच्या टोकांवर व शेजारच्या बोटांवर पडतो. मधले एखादे बोट गेल्यास चालीत फारसा फरक जाणवत नाही; पण उरलेली बोटे रिकाम्या जागेकडे कलू लागतात आणि बुटात नव्याच ठिकाणी घासतात.

जास्तीचा भार पडतो तिथे घट्टा तयार होतो. एरवी तो दुखला असता आणि माणूस आपोआप लंगडत चालला असता, परंतु मधुमेहाने मज्जातंतू बधिर झालेले असल्यामुळे तो त्याच जागेवर भार देत राहतो, घट्ट्याखाली रक्त साकळते आणि एके दिवशी मोजा ओला दिसतो. पायावरची अशी जखम भरल्यावरही सुमारे ४० टक्के रुग्णांना वर्षभरात आणि सुमारे ६५ टक्के रुग्णांना पाच वर्षांत पुन्हा जखम होते.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच ओळखले होते : बोटे आपोआप ‘झडत’ नाहीत, वेदना न कळल्याने दुर्लक्षित राहिलेल्या जखमा ती नेतात. मधुमेहात अनेकदा रक्तपुरवठाही कमी असतो, त्यामुळे जखम अधिकच रेंगाळते. कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेल्या मऊ रबराच्या एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चपला आज मधुमेहींनाही दिल्या जातात, त्या याच कारणाने. अंगठा गेलेल्या माणसाच्या पायात कोल्हापुरी किंवा हवाई चप्पल टिकत नाही, कारण तिची पकडच अंगठ्यावर असते. मागे पट्टा असलेले, पुढे रुंद आणि वेल्क्रोने आवळता येणारे पादत्राणच त्याला उपयोगी पडते. रिकाम्या जागेत सिलिकॉनचा मऊ तुकडा बसवला तर शेजारची बोटे कलण्यास आळा बसतो. घरात आणि देवळाच्या तापलेल्या फरशीवरही अनवाणी चालणे टाळावे, हे मात्र आपल्याकडे पटवून देणे सर्वांत अवघड जाते.

रोज आरशात तळवा पाहावा, बुटात हात घालून खडा किंवा वर आलेली शिवण नाही ना हे तपासावे. दोन्ही पावलांच्या एकाच जागेच्या तापमानात सतत दोन अंश सेल्सिअसहून अधिक फरक राहिला तर आत दाह सुरू असल्याची शक्यता असते. अशा वेळी चालणे कमी करून डॉक्टरांना पाय दाखवावा. घट्टा घरी ब्लेडने कापू नये आणि त्यावर कॉर्न कॅपही लावू नये, कारण तिच्यातील सॅलिसिलिक आम्ल भोवतालची निरोगी कातडीही जाळते आणि बधिर पायाला ते कळत नाही.