पार्श्वभूमी: जॉर्ज मायकनची विजेतेपदे पाच की सात?

अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक बास्केटबॉल लीग असलेल्या एनबीएच्या अधिकृत नोंदींत बास्केटबॉलपटू जॉर्ज मायकनच्या नावावर पाच विजेतेपदे आहेत: १९४९, १९५०, १९५२, १९५३ आणि १९५४. त्याआधी १९४७ मध्ये शिकागोकडून आणि १९४८ मध्ये मिनियापोलिसकडून जिंकलेली दोन त्यात धरलेली नाहीत, कारण ती एनबीएल या एनबीएआधीच्या लीगमधली होती. गुणांचेही तेच. एनबीएच्या हिशेबाने त्याचे गुण १०,१५६. एनबीएलमधले मिळवले तर ११,७६४. हा फरक कसा पडला, हे कळायला चाळीसच्या दशकाच्या अखेरीकडे जावे लागते.

१९३७ पासून चालत आलेली एनबीएल मुख्यतः अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या औद्योगिक गावांची होती. कारखान्यांचे संघ, लहान हॉल, पण देशातले बरेचसे उत्तम खेळाडू तिच्याकडे. १९४६ मध्ये मोठ्या शहरांतल्या आइस हॉकीच्या स्टेडियम-मालकांनी बीएए ही प्रतिस्पर्धी लीग काढली. त्यांच्याकडे जागा होती, खेळाडू तेवढ्या तोलाचे नव्हते. मायकनने त्याच वर्षी एनबीएल निवडली. सहा फूट दहा इंच उंची आणि जाड चष्मा असलेला हा पोरगा कॉलेजात असतानाच बास्केटकडे येणारे चेंडू वरच्या वर थोपवायचा. ते थांबवायला कॉलेज बास्केटबॉलचा नियम बदलावा लागला होता.

शिकागोच्या मालकाने १९४७ चे विजेतेपद मिळताच संघ एनबीएलमधून बाहेर काढून स्वतःचीच लीग थाटली. ती काही आठवड्यांत बुडाली आणि तिचे खेळाडू एनबीएलच्या संघांत वाटले गेले. पहिल्या निवडीचा हक्क मिळून मायकन आला मिनियापोलिस लेकर्सच्या वाट्याला, कारण त्या संघाने डेट्रॉइटची जी जागा विकत घेतली होती, तिची आदल्या हंगामातली कामगिरी लीगमध्ये सर्वांत वाईट होती: ४ विजय, ४० पराभव. त्याच हंगामाअखेर लेकर्स विजेते ठरले.

१९४८ मध्ये मिनियापोलिससह चार संघ बीएएत गेले. ३ ऑगस्ट १९४९ रोजी एनबीएलचे उरलेले संघही सामावून घेतले गेले आणि नाव झाले एनबीए. वादाचे मूळ इथे आहे. हे विलीनीकरण होते, पण इतिहास मोजताना एकाच बाजूची वही पुढे चालवली गेली. बीएएचा १९४६-४७ चा हंगाम हा एनबीएचा पहिला हंगाम मानला जातो. एनबीएलची बारा वर्षे 'आधीची' म्हणून बाजूला राहतात. कायद्याने बीएएनेच आपले नाव बदलले, असा या निर्णयाच्या बाजूने युक्तिवाद होतो. तो कागदावर बरोबर असेल, मैदानावर लटका पडतो. आजचे लेकर्स, पिस्टन्स, किंग्ज, सिक्सर्स आणि हॉक्स हे पाचही संघ एनबीएलमधून आलेले आहेत. शिवाय १९४२ मध्येच एनबीएलच्या दोन संघांनी कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले होते. एनबीएला त्यासाठी १९५० उजाडावे लागले. एनबीएलची वही मिटली की हेही मिटते.

लेकर्सच्या बाबतीत विसंगती अधिकच डोळ्यांत भरते. संघ १९६० मध्ये लॉस एंजेलिसला गेला. मिनियापोलिसची पाच विजेतेपदे त्याच्या १७ च्या एकूण आकड्यात धरली जातात, म्हणजे शहर बदलले तरी वारसा टिकतो. मात्र त्याच मिनियापोलिसने, त्याच मायकनसह जिंकलेले १९४८ चे धरले जात नाही.

पुढच्या काळात मायकनला रोखण्यासाठीच नियम बदलत गेले. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेनच्या संघाने चेंडू नुसता धरून ठेवत लेकर्सना १९-१८ असे हरवले. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण मायकनचे होते. पुढल्या हंगामात बास्केटसमोरचा पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद झाला आणि त्याची सरासरी २८.४ वरून २३.८ वर आली. १९५४ मध्ये तो निवृत्त झाला, २४ सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकायला लावणारे घड्याळही त्याच वर्षी आले. १९५५-५६ मध्ये तो ३७ सामन्यांपुरता परतला.

१९६७ मध्ये एबीए या नव्या लीगचा तो पहिला आयुक्त झाला. लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेषा या लीगने लोकप्रिय केली, लाल-पांढरा-निळा चेंडूही तिथलाच. १९७६ मध्ये एबीएचे चार संघ एनबीएत आले, १९७९ मध्ये तीन गुणांची रेषाही घेतली गेली. एबीएतले गुण मात्र एनबीएच्या बेरजेत आले नाहीत. मायकनशी जोडलेल्या दुसऱ्या लीगच्या वाट्याला हेच आले.

अखेरच्या वर्षांत मधुमेहाने त्याचा एक पाय कापावा लागला. १९६५ पूर्वी निवृत्त झालेल्यांना नंतरच्यांपेक्षा फार कमी पेन्शन मिळे आणि ती वाढावी म्हणून तो झगडत राहिला. १ जून २००५ रोजी तो गेला, तेव्हा अंत्यसंस्काराचा खर्च लेकर्सकडून सेंटरच्या जागी खेळलेल्या एका माजी खेळाडूने उचलला. ऑक्टोबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सने त्याच्या जर्सीचा ९९ क्रमांक निवृत्त केला. विजेतेपदांचा अधिकृत आकडा अजूनही पाचच आहे.