अर्धी टाकी जास्त हलते: पिकअपच्या हौद्यातल्या जादा डिझेलचं गणित

अ‍ॅरिझोनात राहणाऱ्या एका मित्राने जुना डिझेल पिकअप घेतला, मागे ओढायला चाकांवरचं घर म्हणावं असा ट्रेलर घेतला, आणि मग तिकडे बरेच जण करतात तसं हौद्यात कॅबिनच्या मागे चिकटून १०० गॅलनची (साधारण ३७५ लिटरची) जादा डिझेल टाकी बसवून घेतली. इथपर्यंत ठीक. पण परवा फोनवर म्हणाला, "मी ती कायम अर्धीच भरतो रे, वजन निम्मं, गाडी एकदम स्टेबल." वजन निम्मं हे बरोबर आहे, पण स्टेबलचं नेमकं उलटं आहे, आणि हा गैरसमज इतका सरसकट आहे की म्हटलं लिहूनच टाकू.

आधी जादा टाकी लागते कशाला ते बघू. अशा मोठ्या पिकअपला कंपनीची टाकी साधारण १३० लिटरची येते. रिकामी गाडी लिटरला सात-आठ किलोमीटर देते, पण मागे तीन मीटर उंचीची सपाट भिंत लावून १०० च्या स्पीडने हवा कापत निघालात की अ‍ॅव्हरेज चार-सव्वाचारवर येतं. म्हणजे कागदावर साडेपाचशे किलोमीटर, आणि पाव टाकी उरली की माणूस पंप शोधायला लागतोच, म्हणजे प्रत्यक्षात चारशेच. तिकडच्या पश्चिम भागात वस्ती विरळ, यूटा राज्यात इंटरस्टेट ७० या महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलायना असा जवळपास १७५ किलोमीटरचा पट्टा आहे जिथे मध्ये एकही पंप नाही. पण खरं सांगायचं तर त्रास अंतराचा कमी आणि पंपावर शिरण्याचा जास्त. ट्रक आणि ट्रेलर मिळून १४-१५ मीटर लांबी होते, साध्या पंपावर ते वळवायचं म्हणजे घाम फुटतो, आणि एकदा आत अडकलात की मागे लाइन लागलेली असताना ट्रेलर रिव्हर्स घ्या. शिवाय कॅलिफोर्नियात डिझेल अ‍ॅरिझोनापेक्षा चांगलंच महाग, त्यामुळे हद्द ओलांडायच्या आधी टाक्या फुल करून घेणारे पुष्कळ.

बरं, "एवढं डिझेल वाहून न्यायलाच किती डिझेल जळेल" अशीही एक शंका असते. सपाट रस्त्यावर फारसं नाही. ट्रक-ट्रेलर मिळून आठेक टनाचा डोलारा, त्यात चार क्विंटलची भर म्हणजे ५ टक्के, आणि हायवेला जोर मुख्यतः हवेचा विरोध मोडण्यात जातो, चाकांच्या घर्षणाचा वाटा लहान. तेव्हा फरक एखाद्या टक्क्याचा. घाट चढताना जास्त पडेल, तो वेगळा भाग.

खरी अडचण दरवाजावर लिहिलेली असते. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो, माणसं आणि सामान मिळून अमुक किलोच्या वर टाकू नका असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. डिझेल पिकअप बाहेरून राक्षसासारखे दिसतात पण इंजिनच एवढं जड की हा आकडा बऱ्याचदा हजार किलोच्या आसपासच असतो. आता हिशोब करा. ४ टनाचा ट्रेलर असेल तर त्याच्या वजनातलं १० ते १५ टक्के हुकवर यायला हवं, ते धरा ५००. बायको, पोरं, कुत्रा, कूलर मिळून ३००. आणि ही टाकी? १.५ मीटर रुंद, अर्धा मीटर खोल, अर्धा मीटर उंच अशी धरली तर ३७५ लिटर, म्हणजे तेच १०० गॅलन. डिझेलची घनता ०.८४ धरली की ३१५ किलो, वर लोखंडाचे ६५. झाले ३८०. बेरीज ११८०, आणि परवानगी हजारची. "ट्रक सात टन ओढतो" ही जाहिरात खरी असते, पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. ही टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे ९० सेंटीमीटरवर असली आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ४ मीटर असलं तर तरफेच्या नियमाने त्या ३८० मधले ८५ किलो पुढच्या चाकांवर जातात आणि बाकी जवळपास ३०० मागच्यांवर, जिथे हुकचा भारही आधीच बसलेला असतो. त्यामुळे टाकी जितकी कॅबिनकडे सरकवाल तितकं बरं.

तर मित्राचं अर्धी टाकी ठेवणं वजनाच्या बाबतीत शहाणपणाचंच आहे. पण आता माझ्या आवडीचा भाग, हिंदकळणं.

लग्नात वाढपी जसा पाण्याने भरलेली परात घेऊन चालतो आणि दोन पावलांत पाणी काठावरून उडायला लागतं, तेच टाकीत बंद झाकणाआड होतं, फक्त दिसत नाही. टाकी गच्च भरली असेल तर द्रवाला हलायला जागाच नाही, तो घन ठोकळ्यासारखा वागतो. अगदी तळाशी चार बोटं असेल तर खूप हलतो, पण हलणारं वजनच थोडं. मधल्या पट्ट्यात, म्हणजे साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश टाकी असताना, वजनही भरपूर आणि वर जागाही भरपूर. सगळ्यात वाईट जोडी तीच.

आणि ते कसंही हलत नाही, त्याला ठरलेली लय असते. लेन बदलताना ट्रक डावीकडे झुकला की डिझेल एका टोकाला चढतं, मग गुरुत्वाकर्षण त्याला खाली खेचतं, ते वेगात दुसऱ्या टोकाला जाऊन आपटतं, परत येतं. या एका फेरीला किती वेळ लागतो याचं सूत्र आहे: फेरीच्या कोनीय वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले के गुणिले टॅन-एच ऑफ के गुणिले द्रवाची खोली, आणि के म्हणजे पाय (π, ३.१४) भागिले टाकीची लांबी, ज्या दिशेने हिंदकळतंय त्या दिशेची. टॅन-एच हे हायपरबोलिक टँजंट, बारावीला भेटलं असेल, नसेल तर एवढंच लक्षात ठेवा की खोली टाकीच्या लांबीच्या मानाने कमी असेल तेव्हा ते खोलीबरोबर वाढतं आणि पुरेशी खोली झाली की १ ला टेकून थांबतं. आपल्या टाकीचे आकडे घालू: लांबी आडवी १.५ मीटर, म्हणजे के २.०९, अर्धी भरलेली म्हणजे खोली पाव मीटर, गुणाकार ०.५२, त्याचा टॅन-एच ०.४८, सगळं गुणून वर्गमूळ काढलं की ३.१४ येतं, आणि दोन पाय भागिले ते, म्हणजे उत्तर बरोब्बर २ सेकंद. (पाय दोनदा आला हा निव्वळ योगायोग आहे, मी मुद्दाम जुळवलेला नाही.)

या सूत्रात घनता कुठेच नाही हे बघितलंत का? पाणी असो, दूध असो, डिझेल असो, तेवढ्याच टाकीत तेवढंच भरलं तर लय तीच. लंबकाचंही असंच असतं, गोळा शिशाचा लावा नाहीतर लाकडाचा, त्याला फरक पडत नाही. आणि हे साम्य नुसतं वरवरचं नाही. रॉकेटं बनवणारे इंजिनियर गणितात टाकीतलं इंधन काढून त्या जागी चक्क लंबक टांगतात: द्रवाचा काही भाग स्थिर धरायचा आणि उरलेला दोरीला लटकलेला गोळा. आपल्या अर्ध्या टाकीसाठी तो हिशोब केला तर १५७ किलो डिझेलपैकी जवळजवळ पाऊण हिस्सा, म्हणजे ११७ किलो, १ मीटरच्या दोरीला लटकलेला निघतो. म्हणजे मित्राच्या मते स्टेबल असलेल्या त्या हौद्यात एका दणकट बाप्याहून जड लंबक मोकळा सोडलेला आहे. आणि सरळ गुळगुळीत टाकीत तो लवकर थांबतही नाही, कारण डिझेल पाण्यापेक्षा थोडं घट्ट असलं तरी एवढ्या मोठ्या टाकीत ती चिकटाई काहीच नाही.

बरं, असू दे की दोन सेकंद, मग काय? तर आता मागचा ट्रेलर. बॉल-हुकवर ओढलेला ट्रेलर बाजूच्या वाऱ्याने किंवा मोठा ट्रक शेजारून गेल्यावर शेपटीसारखा डावी-उजवीकडे डोलतो, तिकडे त्याला स्वे म्हणतात. याचीही स्वतःची लय असते, आणि ती साधारण दीड-दोन सेकंदांच्या घरातच असते. हळू चाललात तर दोन-तीन झोल्यांत जिरते, स्पीड वाढेल तसं जिरणं कमी होत जातं, आणि एका मर्यादेपुढे झोला जिरण्याऐवजी वाढतच जातो. हुकवर पुरेसा भार का लागतो तर ही मर्यादा वर ढकलायला. आता ट्रकची पाठ ज्या लयीत ढकलली जातेय त्याच लयीत हौद्यातला लंबकही डावी-उजवी करायला लागला तर काय होईल ते झोपाळ्यावर बसलेल्या कुणालाही विचारा. ११७ किलो आठ टनाला उलटवणार नाही, तसा माझा दावाही नाही, आणि लय जुळली तरी टप्पा जुळेलच, म्हणजे दोघं नेमके एकाच वेळी एकाच बाजूला जातील, असं नाही. पण जिथे जिरणं आधीच कमी आहे तिथे चुकीच्या लयीत थोडंसं ढकलणंही आपण होऊन का द्यावं?

यावरचा उपाय स्वस्त आहे, टाकीत आडवे-उभे भोकं पाडलेले पत्रे, म्हणजे बॅफल. त्याने दोन गोष्टी होतात. भोकांतून जाताना द्रवाची ताकद घुसळण्यात वाया जाते हे सगळ्यांना कळतं, पण माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त भारी आहे: लांबीचे तुकडे पडतात. दोन पत्रे घालून १.५ मीटरचे तीन कप्पे केले की सूत्रातली लांबी अर्धा मीटर होते, लय २ सेकंदांवरून ०.८४ वर येते, ट्रेलरच्या लयीपासून लांब पळते, आणि हलणारा हिस्सा पाऊणवरून निम्म्याच्या खाली जातो. पत्र्यांना भोकं असल्याने प्रत्यक्षात उत्तर या दोन्हींच्या मधे कुठेतरी पडेल, पण दिशा हीच. म्हणून टाकी घेताना लिटर किती हे विचारायच्या आधी आत पत्रे किती, आणि ते गाडीच्या रुंदीचे तुकडे पाडतात की नाही, हे विचारा. अमेरिकेत दुधाचे टँकर आतून साफ करता यावेत म्हणून बॅफलशिवायच असतात, आणि तिथल्या ट्रक लायसन्सच्या सरकारी पुस्तिकेत अशा गुळगुळीत टँकरबद्दल वेगळी ताकीद आहे: सिग्नलला थांबल्यावर मागून आलेली दुधाची लाट ट्रकला पुढे चौकात ढकलू शकते. मार्च २००७ मध्ये स्पेसएक्सचं फाल्कन १ हे रॉकेट दुसऱ्या उड्डाणात कक्षेत पोचलं नाही त्याचंही कारण हेच, वरच्या टप्प्यातला द्रव ऑक्सिजन हिंदकळायला लागला, त्या टाकीत बॅफल घातलेच नव्हते. पुढे घातले.

या टाक्यांबरोबर दुकानदार अजून एक वस्तू गळ्यात मारतात, डिझेलच्या पाइपला बांधायचं चुंबक. रेणू सरळ रांगेत उभे राहतात आणि अ‍ॅव्हरेज वाढतं म्हणे. आपल्याकडेही मेकॅनिक लोकांच्या गल्लीत हे सर्रास मिळतं. डिझेल म्हणजे हायड्रोकार्बन, चुंबकाला ते जवळपास ओळखतच नाही, आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने असली इंधनबचतीची शंभरावर उपकरणं तपासून झाली आहेत, ठळक बचत करणारं एकही निघालं नाही. त्यापेक्षा बंपरला लिंबू-मिरची बांधा, दहा रुपयांत काम होतं आणि फायदा तेवढाच.

भरण्याबद्दल दोन शब्द. डिझेल तापलं की फुगतं, दर अंशाला हजारात ०.८ एवढं. पहाटे थंडीत ३७५ लिटर गच्च भरली आणि दुपारी वाळवंटात तापमान २५ अंशांनी चढलं तर वाढलेल्या साडेसात लिटर डिझेलला जागा हवी असते, आणि नसेल तर ते हवेच्या नळीतून हौद्यात येतं. म्हणून तिथल्या व्यावसायिक ट्रकच्या नियमात टाकीची रचनाच अशी लागते की नेहमीच्या पद्धतीने भरताना ९५ टक्क्यांच्या वर भरताच येऊ नये. हौद्यातली टाकी मूळ टाकीपेक्षा उंचावर असल्याने काही किटमध्ये नुसत्या उताराने डिझेल खाली जातं, काहींत पंप असतो. उताराच्या किटमध्ये मूळ टाकी कायम फुल राहते आणि वरची तासन् तास हळूहळू उतरत त्याच वाईट मधल्या पट्ट्यातून जाते. पंपवाल्यात मूळ टाकी पाववर आली की एका दमात नव्वद लिटर खाली सोडता येतात, आणि मधला पट्टा लवकर मागे पडतो. माझं मत पंपाच्या बाजूने, पण तो आपोआप बंद होणारा हवा, नाहीतर बटण चालू राहिलं की संपलं.

आणि हे सगळं फक्त डिझेलचं. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही ठिणगीने पेटण्याइतकी साचते, डिझेलला त्यासाठी पन्नासेक अंश लागतात, त्यामुळे पेट्रोल गाडीत असली घरगुती जोडाजोडी करायचा विचारही नको. इकडे महाराष्ट्रात कुणाच्या डोक्यात आयडिया शिरत असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा, कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही आणि आरटीओच्या पासिंगला गाडी तिथेच अडकेल.