एमआयआरसी स्क्रिप्टमधील ‘रिटर्न’ : पार्श्वभूमी

फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये आयआरसी (इंटरनेट रिले चॅट, म्हणजे इंटरनेटवर लेखी गप्पा मारण्याची व्यवस्था) सुरू केले, तेव्हा चॅट क्लायंटचे, म्हणजे वापरणाऱ्याच्या संगणकावरील गप्पांच्या प्रोग्रॅमचे, काम साधे होते. टाइप केलेली ओळ तिरप्या रेघेने सुरू होत असेल तर ती कमांड म्हणून चालवायची, नसेल तर जशीच्या तशी चॅनेलवर, म्हणजे गप्पांच्या गटात, पाठवायची. लांबलचक कमांड दर वेळी टाइप करावी लागू नये म्हणून पुढे एलियास आले. एलियास म्हणजे मुळात कमांडचे टोपणनाव. त्याने काम करायचे, परिणाम पडद्यावर दिसला की संपले. उत्तर परत द्यायचे तर कोणाला, हा प्रश्नच तेव्हा नव्हता. व्हॅल्यू, म्हणजे कामातून निघालेले उत्तर, परत करण्याची सोय मागाहून जोडली गेली आणि आयआरसी क्लायंटच्या स्क्रिप्टिंग भाषांतील ‘रिटर्न’च्या, म्हणजे उत्तर परत देण्याच्या, बहुतेक चमत्कारिक वाटणाऱ्या नियमांचे मूळ मला तिथेच दिसते.

मायकेल सँड्रॉफ यांनी युनिक्ससाठी लिहिलेल्या आयआरसीटू या क्लायंटमध्ये एलियासला फंक्शनसारखे, म्हणजे बोलावले की उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्यासारखे, वापरता येत असे, पण व्हॅल्यू परत करायची तर ‘फंक्शन_रिटर्न’ नावाच्या ठरावीक व्हेरिएबलमध्ये (व्हॅल्यू साठवण्याच्या नाव दिलेल्या जागेत) ती भरावी लागे. अशी व्हॅल्यू भरल्याने एलियास तिथे थांबत नसे. उरलेल्या ओळी चालतच राहत आणि शेवटी भरलेली व्हॅल्यू उत्तर ठरे.

खालेद मर्दम-बे यांचा विंडोजसाठीचा आयआरसी क्लायंट एमआयआरसी १९९५ मध्ये आला. त्याच्या स्क्रिप्टिंग भाषेत ‘रिटर्न’ ही स्वतंत्र कमांड आहे आणि ती दोन्ही कामे एकदम करते: चालू एलियास तिथेच थांबवते आणि व्हॅल्यू बोलावणाऱ्याच्या हाती देते. मात्र एलियासला बोलावण्याच्या वाटा दोन राहिल्या. समजा, दोन आकड्यांची बेरीज ‘रिटर्न’ करणारा ‘बेरीज’ नावाचा एलियास आहे. ‘/बेरीज ४ ७’ असे लिहिले तर पडद्यावर काहीच दिसत नाही. ११ हे उत्तर ‘रिझल्ट’ या आयडेंटिफायरमध्ये (‘$’ने सुरू होणारे, ओळीत लिहिले की त्या जागी व्हॅल्यू येते असे नाव) जाऊन बसते आणि तिथून ते पुढच्या ओळीत उचलावे लागते. तोच एलियास ‘$बेरीज(४,७)’ असा लिहिला, तर ओळीतील त्या जागी थेट ११ येतात. पहिली वाट टोपणनावाच्या काळातली आहे, दुसरी खऱ्या अर्थाने फंक्शनची. नवशिक्याची गफलत बहुधा याच सांध्यावर होते, कारण तो ‘रिटर्न’ऐवजी ‘एको’ (मजकूर फक्त पडद्यावर दाखवणारी कमांड) लिहितो, उत्तर डोळ्यांना दिसते म्हणून निश्चिंत होतो आणि ज्या ओळीला ते हवे होते तिच्या हाती काहीच लागत नाही. ‘हॉल्ट’ या थांबवणाऱ्या कमांडचीही अशीच गल्लत होते: ‘रिटर्न’ फक्त चालू एलियासमधून बाहेर पडते, तर ‘हॉल्ट’ त्याला बोलावणाऱ्या एलियासलाही थांबवते.

परत येणारी व्हॅल्यू हा शेवटी मजकूरच असतो, ही गोष्ट याहून खोलवर जाते. ओळीचा पहिला शब्द म्हणजे कमांड, हा जुना नियम एमआयआरसीने सोडलेला नाही. त्यामुळे एखादी ओळ आयडेंटिफायरनेच सुरू झाली, तर त्याने परत केलेला मजकूर कमांड म्हणून चालवला जातो. तो मजकूर चॅनेलवरील दुसऱ्या कोणाच्या संदेशातून आलेला असेल, तर परक्या माणसाच्या हाती आपला क्लायंट दिल्यासारखे होते. हा धोका स्क्रिप्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने गंभीरपणे घ्यावा, असे मला मनापासून वाटते. पूर्वी रेजेक्ससारखा (मजकुरात नमुना शोधणारा) आयडेंटिफायर केवळ चालवायचा असला, की त्याचे उत्तर कमांड म्हणून चालू नये म्हणून ते एखाद्या बिनकामाच्या व्हेरिएबलमध्ये टाकण्याची पद्धत होती. नंतर यासाठी ‘नूप’ ही कमांड आली, जी आयडेंटिफायर चालवते आणि त्याचे उत्तर सोडून देते.

मोकळ्या जागांचा प्रश्नही त्याच मुळाचा. स्पेसवर शब्द तोडण्याच्या सवयीमुळे ‘रिटर्न’मधून जाताना लागोपाठच्या स्पेस गळून एकच उरते, आणि त्या जशाच्या तशा परत हव्या असतील तर ‘रिटर्नएक्स’ ही वेगळी कमांड लिहावी लागते.