शेवटची खुर्ची कुणाची?

नोव्हेंबर २००८. न्यूझीलंडमध्ये मतदान संपलं, रात्रीतच आकडे आले आणि त्या आकड्यांनुसार नॅशनल पक्षाचे कॅम कॅल्डर खासदार झाले. दोन आठवड्यांनी ते खासदार राहिले नाहीत. परदेशातून किंवा आपल्या मतदारसंघाबाहेरून मत देणाऱ्यांची मतं तिथे मागाहून मोजतात. ती मोजल्यावर नॅशनलची एक जागा कमी झाली, ग्रीन पक्षाची एक वाढली आणि कॅल्डर यांच्याऐवजी केनेडी ग्रॅहम संसदेत गेले. दोघेही आपापल्या पक्षाच्या यादीतले उमेदवार. त्यांची हारजीत एकमेकांविरुद्ध लढून ठरली नव्हती. ठरली ती भागाकारात.

आपल्याला सवय आहे ती ‘जो पुढे तो जिंकला’ या पद्धतीची. न्यूझीलंडलाही तीच होती. १९८१ साली तिथे लेबर पक्षाला नॅशनलपेक्षा जास्त मतं पडली, तरी ४३ विरुद्ध ४७ जागांनी सरकार नॅशनलचंच राहिलं. सोशल क्रेडिट नावाच्या तिसऱ्या पक्षाला २० टक्क्यांहून अधिक मतं होती आणि ९२ जागांच्या सभागृहात त्याच्या वाट्याला आल्या दोन. अशा निकालांना कंटाळून लोकांनी १९९३ च्या सार्वमतात पद्धतच बदलली. १९९६ पासून प्रत्येक मतदाराला दोन मतं असतात, एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि दुसरं पक्षाला. कोणत्या पक्षाच्या एकूण किती जागा, हे या दुसऱ्या मतावर ठरतं.

जागा १२० आणि मतं लाखांत. प्रमाणात वाटायचं म्हटलं की त्रैराशिक मांडायचं, इतकं सोपं ते वाटतं. पण साडेसत्तावन्न खासदार निवडता येत नाहीत. खरी भानगड अपूर्णांकांची आहे.

समजा, एका जागेचा काहीतरी भाव ठरवला, अमुक इतकी मतं. पक्षाच्या मतांना त्या भावाने भागायचं, अर्ध्याच्या वर गेलं तर पुढचा पूर्णांक, खाली राहिलं तर मागचा. मग सगळ्यांच्या जागांची बेरीज करायची. १२० पेक्षा जास्त भरली तर भाव वाढवायचा, कमी भरली तर उतरवायचा. २००८ च्या अंतिम निकालात नॅशनलला १०,५३,३९८ मतं होती, लेबरला ७,९६,८८०, ग्रीनला १,५७,६१३. बाकीचे लहान पक्ष. आता गंमत बघा. भाव १८,३१९ ठेवला तर १२१ जागा वाटल्या जातात. १८,३२० केला तर ११९. एका मताने भाव हलला की दोन जागांचा फरक! बरोबर १२० हव्या असतील तर भाव या दोन आकड्यांच्या मधे, १८,३१९.५ धरावा लागतो. त्या भावाने नॅशनलचा भागाकार येतो ५७.५०१, म्हणजे ५८ जागा. लेबरचा येतो ४३.४९९, म्हणजे ४३. एक साडेसत्तावन्नच्या केसभर वर, दुसरा साडेत्रेचाळीसच्या केसभर खाली. तेवीस लाखांवर मतं मोजली गेली, आणि लेबरला आणखी फक्त ३९ मतं मिळाली असती तर शेवटची जागा नॅशनलकडून त्यांच्याकडे गेली असती.

असा भाव चाचपत बसायची गरज निवडणूक अधिकाऱ्यांना पडत नाही. आंद्रे सँत-लाग्यू या फ्रेंच गणितज्ञाने १९१० मध्ये मांडलेली रीत ते वापरतात. प्रत्येक पक्षाच्या मतांना १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांनी भागत जायचं आणि आलेल्या भागाकारांतले सर्वांत मोठे १२० निवडायचे. विषमच का, हे कोडं वाटतं, पण उत्तर आपल्या बोलीत तयार आहे. पहिली जागा मिळायला भावाच्या अर्धी मतं पुरतात, दुसरीला दीडपट लागतात, मग अडीचपट, साडेतीनपट. अर्धा, दीड, अडीच, साडेतीन यांची दुप्पट केली की १, ३, ५, ७. यात पहिल्या सहा जागा नॅशनल आणि लेबर आपसांत वाटून घेतात, सातवी ग्रीनची. शेवटच्या जागेसाठी नॅशनलच्या मतांना ११५ ने भागलं की ९१५९.९८ येतात आणि लेबरच्या मतांना ८७ ने भागलं की ९१५९.५४. अर्ध्या मताचाही फरक नाही.

विषम संख्यांऐवजी १, २, ३, ४ अशा सलग संख्यांनी भागलं तर? ती रीत बेल्जियमच्या व्हिक्टर डोंट यांच्या नावाने ओळखली जाते आणि अनेक देश तीच वापरतात. याच मतांना ती लावून मी कागदावर आकडेमोड केली. नॅशनलच्या ५९ जागा झाल्या, लेबरच्या ४४. त्यांना वाढलेली एकेक जागा ग्रीन आणि ॲक्ट या छोट्या पक्षांची गेली. मतपत्रिका त्याच, फक्त भाजक बदलले. कुठली रीत ‘बरोबर’ यावर वाद घालणाऱ्यांनी आधी आपला पक्ष मोठा की छोटा ते सांगावं.

भागाकाराच्या आधी मात्र एक दार लागतं, आणि माझ्या मते खरा अन्याय तिथे होतो. पक्षाला किमान ५ टक्के मतं हवीत, नाहीतर निदान एक मतदारसंघ जिंकलेला हवा. विन्स्टन पीटर्स यांच्या न्यूझीलंड फर्स्टला २००८ मध्ये ९५,३५६ मतं होती, म्हणजे ४.०७ टक्के. मतदारसंघ एकही नाही. जागा शून्य. ॲक्टला त्यांच्याहून जवळपास दहा हजार कमी, ८५,४९६ मतं. पण ऑकलंडमधला एप्सम मतदारसंघ रॉडनी हाइड यांनी जिंकला आणि त्या एका किल्लीने पक्षाला पाच जागा उघडल्या. ही अट ४ टक्क्यांवर आणावी, असं तिथल्या निवडणूक आयोगानेच २०१२ मध्ये सुचवलं होतं. झालं काहीच नाही.

माओरी पक्षाची गोष्ट उलटी. पक्षाच्या मतांवर त्यांचा हक्क तीन जागांचा, पण मतदारसंघ जिंकले पाच. निवडून आलेल्यांना घरी कसं पाठवणार? म्हणून तेवढ्या काळापुरती संसदच १२२ जणांची झाली.

राहिला प्रश्न, जागा मिळाल्या, पण त्यावर बसायचं कुणी? प्रत्येक पक्ष निवडणुकीआधीच क्रमवार यादी जाहीर करतो. नॅशनलच्या ५८ पैकी ४१ जण मतदारसंघांतून आले होते. यादी वरून वाचायची, ज्यांची नावं मतदारसंघात जिंकून आली त्यांना ओलांडायचं आणि उरलेल्यांतून पहिले १७ घ्यायचे. मतदाराला हा क्रम बदलता येत नाही, तो पक्षाच्या हातात. त्यामुळे मतदारसंघात आपटलेला माणूस यादीतून खासदार होतो आणि ‘मागच्या दाराने आला’ ही कुरकुर तिथेही ऐकू येते. पण ते दार मतदानाआधीच सगळ्यांना दिसत असतं, एवढं तरी मान्य करायला हवं.

यादी मतदानानंतरही जिवंत असते. जून २००९ मध्ये नॅशनलचे यादीतले खासदार रिचर्ड वर्थ यांनी राजीनामा दिला. यादीतल्या जागेसाठी पोटनिवडणूक होत नाही. यादीत उरलेलं पुढचं नाव बघतात. ते नाव होतं कॅम कॅल्डर.