युद्ध आणि समकालीन वाद्यवृंदसंगीत

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युद्ध, संहार व राजकीय उलथापालथ यांच्याशी निगडित मानल्या गेलेल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदरचनांचा विचार या नोंदीत केला आहे. रचनेचा युद्धाशी असलेला संबंध ती लिहिताना सिद्ध होतो, की शीर्षक, अर्पण व वादनाचा प्रसंग यांमुळे मागाहून जडतो, हा या क्षेत्रातील कळीचा प्रश्न होय.

त्याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे पोलिश संगीतकार क्षिश्तोफ पेन्देरेत्स्की (१९३३–२०२०) यांनी हिरोशिमातील बळींना वाहिलेली शोकरचना. २४ व्हायोलिन, १० व्हायोला, १० चेलो व ८ डबल बेस अशा ५२ तंतुवाद्यांसाठीची ही रचना बहुधा १९६० मध्ये पूर्ण झाली असावी. काही सूचींत १९६१ हे साल आढळते. मूळ शीर्षकात केवळ कालावधी होता : ८ मिनिटे ३७ सेकंद. त्या काळातील अमूर्त, नाददर्शी (स्वरधुनेपेक्षा नादाच्या पोतावर भर देणाऱ्या) प्रयोगांशी ते सुसंगतच होते. पोलंडमधील कातोवित्से येथील फितेलबेर्ग या संगीतरचना-स्पर्धेत तिला तिसरे पारितोषिक मिळाले. हिरोशिमाचे नाव १९६१ च्या सुमारास जोडले गेले आणि त्याच वर्षी पॅरिस येथे युनेस्कोच्या संगीतकार-व्यासपीठावर तिचा गौरव झाला.

नामांतराच्या कारणाविषयी एकमत नाही. प्रत्यक्ष वादन ऐकल्यावर रचनेतील भावनिक ताणाने आपण हेलावलो व मग तिला अर्पणाचा विषय शोधला, असे पेन्देरेत्स्की यांनी पुढे सांगितले. तत्कालीन पोलंडमधील साम्यवादी राजवटीला असे शीर्षक सोयीचे होते, याकडे काही अभ्यासक लक्ष वेधतात. स्वरसमूहांत विमानांची घरघर वा भोंगे ऐकणारी वर्णने कार्यक्रमपत्रिकांतून सर्रास येतात. परंतु मूळ शीर्षक पाहता तो रचनाकाराचा आरंभीचा हेतू मानणे कठीण आहे. संगीतकाराचे स्वतःचे निवेदन त्यामानाने अधिक ग्राह्य वाटते. अर्पण मागाहूनचे म्हणून ते खोटे ठरत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

स्वरलिपीत मात्रांऐवजी सेकंद दिलेले आहेत. वाद्याचा शक्य तितका उंच स्वर त्रिकोणाने, तर एकमेकांना चिकटलेल्या स्वरांचे पुंजके जाड काळ्या पट्ट्यांनी दर्शविले आहेत. घोडीच्या (तारा उचलून धरणाऱ्या पट्टीच्या) पलीकडे गज फिरविणे, वाद्याच्या अंगावर बोटांनी ठोकणे अशा सूचना वादकांना दिल्या आहेत. अखेरीस सर्व ५२ वाद्ये पाव-स्वरांच्या (अर्ध्या स्वराच्याही निम्म्या) अंतराने एकच दाट पुंजका धरतात आणि सुमारे ३० सेकंदांत तो अतितीव्र नादापासून जवळजवळ ऐकू न येण्यापर्यंत विरत जातो.

अमेरिकन संगीतकार जॉन ॲडम्स यांची ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील मृतांसाठीची रचना मात्र आरंभापासूनच त्या हेतूने लिहिली गेली. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने १९ सप्टेंबर २००२ रोजी ती प्रथम सादर केली. वाद्यवृंद व गायकवृंदांबरोबर तीत मृतांची नावे आणि शहरातील ध्वनिमुद्रित आवाज आहेत. तिला २००३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

युक्रेनमधील युद्धाच्या संदर्भात युक्रेनियन संगीतकार वालेन्तिन सिल्वेस्त्रोव (जन्म १९३७) यांचे नाव प्रामुख्याने येते. कीवमधील ‘मैदान’ या चौकातील सरकारविरोधी आंदोलनातून २०१४ मध्ये स्फुरलेली त्यांची प्रार्थना मुळात वाद्यसाथीविना गायकवृंदासाठी होती. २०२२ पासून तिची वाद्यवृंदीय रूपांतरे ठिकठिकाणी वाजविली गेली. त्याच वर्षी वाद्यवृंदसंचालक केरी-लिन विल्सन यांनी उभारलेल्या युक्रेनियन फ्रीडम ऑर्केस्ट्राने आपल्या दौऱ्यात सिल्वेस्त्रोव यांची सातवी सिंफनी सादर केली. ती २००३ मध्ये पूर्ण झाली होती, म्हणजे तिचाही युद्धाशी संबंध वादनाच्या प्रसंगानेच जोडला गेला.